मजुरी ठरवायची कोणी?

परवा आमच्या पिपरी मेघेत झाडासाठी खड्डा खोदायला आलेल्या काकांशी मी पन्नास रुपयांवरून घासाघीस केली. काम आपण केलेलं नसलं की ते सोपंच वाटतं ना!

मग आठवली वर्ध्याला लागूनच असलेली नालवाडी. १९३०च्या दशकात विनोबा तिथे राहत. सूत कातून माणसाचं पोट भरतं का, हे त्यांनी स्वतः तासन्‌तास कातून, तेवढ्याच मजुरीत राहून पाहिलं. कातणाऱ्या बायांच्या हाती तेव्हा फारच थोडे पैसे पडत. १९३५ मध्ये चरखा संघाने त्यांना पोटापुरती मजुरी द्यायचं ठरवलं. खादी महागली, ती महागणारच होती.

मी काय केलं? दुसरा खड्डा स्वतः खोदायला घेतला. अर्ध्या तासात सब्बल खाली. संध्याकाळी काकांचे पन्नास रुपये नेऊन दिले.