पर्शियन मांजरांचा रंग : चाचणी काय सांगते?

समजा, कुडव्यातल्या एका घरी पाळलेल्या पर्शियन जोडीला पिल्लं झाली. आईबाप दोघंही काळेभोर, पण एक पिल्लू राखाडी निघालं. शेजारच्या बोक्यावर संशय घेण्याआधी जनुकांचा हिशेब पाहावा.

दडलेला रंग

एमएलपीएच या जनुकात बदल झाला की रंगद्रव्याचे कण केसात सारखे पसरत नाहीत. काळा रंग राखाडी दिसतो. पाळणारे त्याला ‘ब्लू’ म्हणतात. बदललेली प्रत आई आणि बाप दोघांकडूनही आली तरच हा रंग उमटतो. एकच प्रत असलेलं मांजर काळंच दिसतं. अशा दोघांच्या प्रत्येक पिल्लाला राखाडी होण्याची शक्यता चारात एक असते. ही दडलेली प्रत चाचणीत सापडते.

तिरंगी बहुधा मादीच

तांबूस रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. मादीत दोन एक्स असतात आणि प्रत्येक पेशीत त्यातला एकच काम करतो. म्हणून दोन्ही एक्सवरच्या प्रती वेगळ्या असतील तर कुठे तांबूस, कुठे काळा ठिपका पडतो. पांढरा भाग वेगळ्या जनुकामुळे येतो. तिरंगी बोका क्वचितच आढळतो. त्याच्याकडे बहुधा एक एक्स जास्तीचा असतो.

नमुना कसा घेतात?

गालाच्या आतून कापसाची काडी फिरवतात, वाळवतात आणि प्रयोगशाळेत पाठवतात. पिल्लू नुकतंच आईला प्यालं असेल तर थांबावं, नाहीतर आईच्या पेशी नमुन्यात मिसळतात.

रंगाच्या हौसेची किंमत

1951 साली रीवाच्या महाराजांनी ‘मोहन’ हा पांढरा वाघ पकडला. पांढरे बछडे मिळावेत म्हणून त्याची जोडी त्याच्याच मुलीशी, राधाशी, लावली गेली; 1958 साली तसे बछडे झालेही. पण जवळच्या नात्यातल्या अशा संबंधांतून घातक दोषांच्या दोन प्रती एकत्र येण्याचा धोका वाढतो. मांजरांनाही हाच नियम लागू आहे.

आधी मूत्रपिंड

रंगाचा अहवाल शुद्ध वंशाचा दाखला नव्हे, आरोग्याचा तर नव्हेच. पर्शियनांमध्ये मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक आजार आढळतो. त्याला कारणीभूत असलेला पीकेडी1 जनुकातला बदल 2004 साली सापडला. इथे सदोष प्रत एकाच पालकाकडून आली तरी पुरते. त्यामुळे जोडी लावण्याआधी पैसे एकाच चाचणीपुरते असतील, तर ती पीकेडी1 जनुकाची करावी, रंगाची नंतर.