दुकानाच्या भिंतीवर तुमचा फोटो : लावावा कसा, विकावा कसा

मी इंदूरहून बोलतोय. आजचा विषय त्यांच्यासाठी, ज्यांच्या हार्ड डिस्कमध्ये चांगले फोटो पडून आहेत. गॅलरी परवडत नाही, ऑनलाइन कुणी विचारत नाही, मग विकायचे कुठे? माझं उत्तर आहे : तुमच्याच भागातल्या कॅफेत, दवाखान्यात, पुस्तकांच्या दुकानात. पण ही वाट दिसते तितकी सोपी नाही. मी एकदा तिथे चांगलाच आपटलोय. आधी तीच गोष्ट सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका कॅफेत मी महेश्वरच्या घाटांचे १२ फोटो लावले. फ्रेमांचे आणि प्रिंटचे २४,००० रुपये आईने तिची मुदत ठेव मोडून दिले होते. कॅफेचा मालक ओळखीचा. म्हणाला, "दादा, भिंत तुमचीच समजा." टक्केवारी तोंडी ठरली. यादी केली नाही, सही घेतली नाही. पाच महिन्यांनी एका सकाळी गेलो तर शटरला दोन कुलुपं! भाडं थकलं म्हणून जागामालकाने टाळं लावलेलं आणि कॅफेवाल्याचा फोन बंद. मी जागामालकांना म्हटलं, "काका, आतले फोटो माझे आहेत." ते शांतपणे म्हणाले, "कशावरून?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोन महिन्यांनी सात फ्रेमा परत मिळाल्या, त्यातल्या तिघींना बुरशी लागलेली. उरलेल्या पाच विकल्या गेल्या की कुणी उचलून नेल्या, ते आजही माहीत नाही. आई एका शब्दाने बोलली नाही. तेच जास्त लागलं.

आता जे सांगतोय ते सगळं त्या "कशावरून?"मधून शिकलेलं आहे.

जागा कोणती निवडायची?

आपण सगळे आधी कॅफेकडे धावतो. पण कॅफेतला माणूस समोरच्या माणसाकडे बघतो किंवा मोबाइलकडे. दातांच्या दवाखान्यात तो अर्धा तास भिंतीकडे बघत बसतो. माझे सगळ्यात जास्त फोटो अशाच एका दवाखान्यातून गेले. होमस्टे, वकिलांचं ऑफिस, योगवर्ग, बुटीक यांचाही विचार करा. कसोटी एकच : तिथे माणूस किती वेळ थांबतो आणि त्याच्या घरी भिंतीवर काही लावायची ऐपत आणि हौस आहे का?

मालकाकडे जाताना मोबाइलवर शंभर फोटो दाखवू नका. भिंतीचा एक फोटो काढा, त्यावर तुमचे चार फोटो बसवून दाखवा आणि म्हणा, "तीन महिने लावू, तुमचा खर्च शून्य, आवडलं नाही तर मी काढून नेईन आणि भोकं बुजवून देईन." शेवटचं वाक्य विसरू नका. भिंतीची काळजी मालकाला फोटोपेक्षा जास्त असते.

आणि विषय? लोक आपल्या ओळखीची जागा विकत घेतात. इंदुरात राजवाडा, सराफा, रंगपंचमीची गेर, मांडूचा पाऊस. तुम्ही बडोद्यात असाल तर सुरसागर, बेळगावात असाल तर तिथला किल्ला. स्वित्झर्लंडचं कॅलेंडर त्यांच्याकडे आधीच आहे.

या बाबतीत आमच्या गावाची परंपरा जुनी आहे बरं का! राजा दीनदयाळ १८६६ मध्ये इंदूरच्या बांधकाम खात्यात नकाशे काढायच्या नोकरीला लागले आणि १८७४ च्या सुमारास फोटोग्राफीकडे वळले. होळकर दरबाराचा आश्रय त्यांना मिळाला. आपल्याला दरबार नाही, पण दवाखाना आहे!

प्रिंट आणि फ्रेम

छपाईसाठी इंचाला ३०० पिक्सेल हा हिशोब धरा. १२ × १८ इंचाच्या प्रिंटला ३६०० × ५४०० पिक्सेल लागतात. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातून साधारण ४००० × ६००० मिळतात, म्हणजे काम आरामात होतं. पण १६०० पिक्सेल लांबीचा, व्हॉट्सॲपवरून फिरून आलेला फोटो याच हिशोबाने पाच इंचांच्या थोडा पुढे जातो. तो मोठा करू नका.

प्रिंट काचेला चिकटू देऊ नका. मध्ये माउंटचा पुठ्ठा हवाच, तोही आम्लरहित. पावसाळ्यात ओल धरली की कागद काचेला चिकटतो आणि सोडवताना वरचा थर निघून येतो. फ्रेमच्या मागच्या खालच्या कोपऱ्यांना बुचाचे किंवा रबराचे तुकडे लावा, म्हणजे भिंत आणि फ्रेम यांच्यामध्ये हवा खेळते. माझ्या त्या तीन फ्रेमांना बुरशी लागली, कारण त्या ओल्या भिंतीला घट्ट टेकल्या होत्या.

स्वयंपाकघराच्या दाराशेजारची, वॉशबेसिनवरची आणि पश्चिमेचं ऊन येणारी भिंत नम्रपणे नाकारा. वाफ, शिंतोडे आणि ऊन हे तिन्ही फोटोचे वैरी. फोटोचा मध्य जमिनीपासून साधारण ५८ इंचांवर, म्हणजे उभ्या माणसाच्या नजरेला येतो. लोक बसून बघणार असतील तर थोडा खाली घ्या. दोन खिळे वापरा. एका खिळ्यावरची फ्रेम आठवड्यात तिरकी होते.

किंमत

माझा हिशोब उघड सांगतो. प्रिंट ७००, माउंट आणि फ्रेम १,३००, ने-आण २००. झाले २,२००. दुकानाला २० टक्के. मी सुरुवातीला लाजून २,५०० किंमत लावायचो. त्यातले ५०० दुकानाचे, २,२०० खर्चाचे, म्हणजे प्रत्येक फोटोमागे २०० रुपये पदरचे! आता ४,५०० लावतो. ९०० दुकानाला, २,२०० खर्च, १,४०० माझे. किंमत चिठ्ठीवर स्पष्ट लिहा. 'किंमत विचारा' लिहिलं की कुणी विचारत नाही.

चिठ्ठीवर फोटोचं नाव, ठिकाण, आकार, किंमत आणि तुमच्या यूपीआयचा क्यूआर कोड असू द्या. पैसे थेट तुमच्या खात्यात यावेत आणि महिनाअखेरीस तुम्ही दुकानाची टक्केवारी द्यावी. उलटं केलंत तर दर महिन्याला मागायला जावं लागतं.

हक्क कुणाचा?

इथे बरेच जण फसतात. प्रिंट विकली म्हणजे कॉपीराइट विकला असं होत नाही. तो द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. भारतात फोटोवरचा कॉपीराइट फोटो काढणाऱ्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. पण १९५७ च्या कायद्याप्रमाणे, कुणी मोबदला देऊन तुमच्याकडून फोटो काढून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल, तर पहिला हक्क त्या माणसाचा असतो. म्हणून लग्नात काढलेला नवरीचा सुंदर फोटो कॅफेत परस्पर विकायला लावू नका. रस्त्यावर काढलेल्या फोटोत कुणाचा चेहरा ठळक असेल तर त्याची परवानगी घेणं, तीही लिहून, हे शहाणपणाचं.

एक पानी कागद

वकील लागत नाही, साधं पान पुरतं. त्यात एवढं हवं : फोटोंची क्रमांकवार यादी आणि किंमत, विक्री होईपर्यंत मालकी माझी, दुकानाची टक्केवारी, मुदत, मोडतोड किंवा चोरी झाली तर भरपाई कुणाची, आणि दुकान बंद होणार असेल तर आधी कळवायचं. दोघांच्या सह्या, तारीख, दोन प्रती. लावून झाल्यावर भिंतीचा फोटो काढून मालकाला पाठवा. प्रत्येक फ्रेमच्या मागे तुमचं नाव, फोन आणि यादीतला क्रमांक चिकटवा. महिन्यातून एकदा स्वतः जाऊन मोजा, पुसा आणि चहा प्या.

कागद पुढे केला की मालक रागावेल, असं वाटतं ना? मलाही वाटायचं. दवाखान्यातल्या डॉक्टरांपुढे पान ठेवताना माझा हात थरथरत होता. त्यांनी वाचलं, सही केली आणि म्हणाल्या, "बरं झालं लिहून आणलंत. मागच्या चित्रकाराने काहीच ठरवलं नव्हतं, शेवटी दोघांचंही मन दुखावलं."

अठरावा फोटो विकला त्या दिवशी आईचे २४,००० पूर्ण झाले. तिने ते परत ठेवीत टाकले आणि पावती मला दाखवली. म्हणाली, "बघ, बँकसुद्धा कागद देते."

तर मंडळी, उद्या एक भिंत शोधा. आणि खिळा ठोकायच्या आधी सही घ्या.