ज्या बाया दवाखान्यात आल्याच नाहीत

दवाखान्यात बसलेल्या डॉक्टरला आलेला रुग्ण दिसतो. न आलेल्यांचा हिशेब कुणाकडेच नसतो. खेड्यातल्या बाईच्या आजारांबाबत आपल्या वैद्यकशास्त्राची अनेक दशकं हीच अवस्था होती. पुस्तकांत टक्केवारी असायची, पण ती शहरातल्या मोठ्या रुग्णालयांच्या नोंदवहीतून काढलेली. डॉ. राणी बंग यांचं सगळ्यात मोठं काम कोणतं, असं मला विचारलं तर मी म्हणेन, त्यांनी ही नोंदवही बाजूला ठेवली आणि अख्खं गाव मोजायला घेतलं.

नागपूरला स्त्रीरोगशास्त्रात एम.डी. आणि १९८४ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाची सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी, एवढं हाताशी असताना राणी आणि अभय बंग हे दांपत्य १९८६ मध्ये गडचिरोलीत आलं आणि त्यांच्या ‘सर्च’ या संस्थेचं काम सुरू झालं. गडचिरोली जिल्हा तेव्हा जेमतेम चार वर्षांचा होता. सरकारी आरोग्यसेवेला बाई दिसायची ती कुटुंबनियोजनापुरती. नर्सबाई दारात यायची ती तांबीचं किंवा ऑपरेशनचं विचारायला, कारण तिच्या डोक्यावर टार्गेट असायचं. अंगावरून पांढरं जातं का, रोवणीत दिवसभर वाकल्यावर ओटीपोटात काय होतं, हे तिनं विचारावं अशी कुणाची अपेक्षाच नव्हती.

वसा आणि अमिर्झा या दोन गावांत हे विचारलं गेलं, आणि नुसतं विचारून थांबलं नाही. ६५० स्त्रियांची आंतरतपासणी झाली. ज्यांना काही होत नव्हतं त्यांचीही झाली, आणि सगळं मर्म यातच आहे. दुखतंय म्हणून आलेली बाई तपासून घेते. धडधाकट बाईनं, परक्या डॉक्टरीणबाईसमोर, का म्हणून टेबलावर झोपावं? गावाचा आणि तिथल्या सुईणींचा विश्वास मिळाल्याशिवाय हे घडणं शक्य नव्हतं.

त्यात प्रयोगशाळेची घाईही असते. योनिस्रावाचा थेंब काचेवर मिठाच्या पाण्यात घेतला, तर ट्रायकोमोनास हा परजीवी सूक्ष्मदर्शकाखाली वळवळताना दिसतो, पण नमुना ताजा असेल तरच. थोडा उशीर झाला की त्याची हालचाल थांबते आणि तो नजरेतून सुटतो. शहरातल्या प्रयोगशाळेकडे काच पाठवून हे काम भागत नाही.

जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानं या अभ्यासाचे निष्कर्ष छापले. ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग अथवा लैंगिक आजार होते. सरासरी प्रत्येकीला ३.६. यातला निम्मा भार जननमार्गाच्या जंतुसंसर्गाचा. आणि पूर्वी कधी तपासणी व उपचार झालेल्या बाया किती? ८ टक्के.

९२ हा आकडा पुढे भाषणांतून इतका फिरला की त्याची धार बोथट झाली. आजार कशाला म्हणायचं याची व्याख्या बदलली की असे आकडे खालीवर होतात, हे लक्षात ठेवायला हवं. मला जास्त अस्वस्थ करते ती दुसरी नोंद: ४५ टक्के स्त्रियांनी कसलीच तक्रार सांगितली नव्हती. तरीही तपासणीत बहुतेकींना आजार निघाले. काही संसर्गांना खरोखरच लक्षणं नसतात. पण सोसणं अंगवळणी पडलेल्या बाईला त्रास हा त्रास वाटेनासा होतो, हेही तितकंच खरं आहे.

ऑपरेशन केल्यापासून दुखणी मागे लागली, असं बाया गावोगाव सांगतात. डॉक्टर ते हसण्यावारी नेतात. या अभ्यासानं ते हसण्यावारी नेलं नाही, तपासून पाहिलं. स्त्रियांची गर्भनिरोधक साधनं आणि आजार यांत संबंध आढळला, मात्र एकूण आजारांपैकी अगदी थोड्यांचाच उलगडा त्यातून होत होता. दोन्ही गोष्टी निबंधात प्रामाणिकपणे लिहिल्या आहेत. कुटुंबनियोजनाच्या समर्थकांना पहिली आवडणारी नव्हती, विरोधकांना दुसरी.

राणीताई पुढे बायांच्या बोलण्याकडेच अधिक वळल्या. पांढरं जाण्याचा अर्थ बाया काय लावतात, त्यानं अशक्तपणा येतो असं त्या का मानतात, यावर त्यांचं स्वतंत्र संशोधन आहे. ‘कानोसा’ हे पुस्तक, तरुणांसाठीचं ‘तारुण्यभान’ शिबिर, ही सगळी त्याच वाटेवरची कामं. धोरणांची भाषाही हळूहळू बदलली. लोकसंख्येवरच्या १९९४ च्या कैरो परिषदेत लोकसंख्येऐवजी प्रजनन आरोग्याची भाषा जगानं स्वीकारली. आपल्याकडची कुटुंबनियोजनाची टार्गेटं कागदावरून हटली ती १९९६ साली.

तपासणीचं मात्र घोडं अडलेलंच आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची प्राथमिक चाचणी अगदी साधी आहे: ॲसेटिक ॲसिडचं पातळ द्रावण लावायचं, मिनिटभर थांबायचं, पांढरा डाग उठतो का ते पाहायचं. टेबल, पडदा, उजेड आणि शिकलेली परिचारिका एवढ्यावर ती उपकेंद्रातही होऊ शकते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी या कर्करोगाची तपासणी एकदा तरी झालेल्या होत्या १.९ टक्के. ग्रामीण भागात १.७.