लाकडी पेटीतील तळे

मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले आणि काचेआड पोहणारे रंगीत मासे अनेक मराठी घरांतील मुलांनी प्रथम तेथे पाहिले. बदलीच्या नोकरीपायी दिल्लीस आलेल्या कुटुंबांबरोबर ही हौसही येतेच. परंतु चार फूट लांबीचे संपूर्ण काचेचे मत्स्यपात्र विकत घ्यावयाचे म्हटले की हौसेला मुरड घालावी लागते. अशा वेळी प्लायवुडची पेटी करून तिच्या केवळ दर्शनी बाजूस काच बसविण्याची युक्ती विचारात घेण्याजोगी आहे. दोन फुटांच्या लहान पात्रासाठी मात्र हा खटाटोप करू नये. तेथे काचच स्वस्त पडते.

काटकसर कोठे करावी हे पाण्याच्या दाबावरून ठरते. दाब अवलंबून असतो तो पाण्याच्या खोलीवर. चार फूट लांब आणि दोन फूट उंच काचेवर पाणी सुमारे सव्वादोनशे किलोचा रेटा देते. तीच उंची दीड फूट केली की रेटा सव्वाशे किलोवर येतो. म्हणून पात्र रुंद करावे, उंच करू नये. माशांच्याही ते सोयीचे, कारण हवेतील प्राणवायू पाण्यात मिसळतो तो पृष्ठभागावरून.

चार फूट लांब, दोन फूट रुंद व दीड फूट उंच असे माप धरले तर आठ बाय चार फुटांच्या एकाच फळीतून सारे काम निघते. अर्ध्या फळीतून तळ आणि दोन्ही बाजू, उरलेल्या अर्ध्यातून पाठ आणि पुढची चौकट. शिवाय एक फूट रुंदीची पट्टी वरच्या आडव्या आधारांसाठी शिल्लक राहते.

फळी घेताना हात आखडू नये. पश्चिम दिल्लीतील कीर्तीनगरच्या लाकूडबाजारात एकसारख्या दिसणाऱ्या फळ्यांच्या थप्प्या असतात. त्यांतून भारतीय मानक ७१० चा शिक्का असलेले, १८ किंवा १९ मिलिमीटर जाडीचे मरीन प्लायवुड पाहून घ्यावे. शिक्क्याशिवाय दुकानदार तोंडी 'वॉटरप्रूफ' म्हणतो, त्यावर माशांचा संसार उभारता येत नाही. सांध्यांना पाण्यात न विरघळणारा सरस आणि दर चार इंचांवर न गंजणारा स्क्रू हवा. लाकूड फुगते ते कडांकडून. म्हणून कापलेल्या प्रत्येक कडेला, पुढच्या चौकटीतील खिडकीच्या कडांनाही, इपॉक्सी आधी पाजावी. मग आतील कोपऱ्यांवर काचतंतूंची पट्टी चिकटवून आत सर्वत्र इपॉक्सीचे दोन-तीन हात द्यावे. पिण्याच्या पाण्याच्या टाकीस चालणारीच इपॉक्सी घ्यावी.

हे काम फेब्रुवारी-मार्चमध्ये किंवा ऑक्टोबरात काढावे. दिल्लीच्या कडक थंडीत इपॉक्सी नीट घट्ट होत नाही आणि श्रावणातील दमट हवेत तिच्यावर चिकट थर येतो.

काच १० मिलिमीटरहून पातळ नको, आणि ती चौकटीच्या आतल्या बाजूने सिलिकोनवर बसवावी. म्हणजे पाणी तिला चौकटीवर दाबून धरते. बाहेरून बसविली तर तेच पाणी तिला ढकलून लावील. बुरशीनाशक मिसळलेले, स्नानगृहासाठी विकले जाणारे सिलिकोन माशांस घातक ठरते.

पेटी सुकल्यावर ती अंगणात किंवा गच्चीच्या भक्कम भागावर काठोकाठ भरून आठवडाभर ठेवावी. गळायची असेल तर ती तेथे गळू द्यावी, दिवाणखान्यात नव्हे. दिवाणखान्यातील जागा ठरविताना आणखी एक हिशेब करावयास हवा. या पात्रात सुमारे ३४० लिटर, म्हणजे तितकेच किलो पाणी मावते. राहत्या खोलीची जमीन बांधताना दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार धरतात. आपल्या पेटीखाली तो ४५० किलोहून अधिक होतो. तळमजला असल्यास उत्तम. वरच्या मजल्यावर, विशेषतः जुन्या बरसातीत, अभियंत्यास विचारल्यावाचून पेटी हलवू नये. प्रश्न खालच्या बिऱ्हाडाच्या छताचाही आहे.

नळाचे पाणी उघड्या भांड्यात दिवसभर ठेवून त्यातील क्लोरीन उडू द्यावे. माशांची घाण पचविणारे जिवाणू रुजण्यास चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मोजकेच मासे सोडावे. मुलांना हा काळ फार लांब वाटतो, पण नव्या पात्रातील बहुतेक मासे याच घाईने दगावतात.

लाकडाचा एक फायदा दिल्लीकरांस विशेष जाणवेल. काचेच्या मानाने लाकडातून उष्णता फार सावकाश वाहते, त्यामुळे पाणी एकदम तापत किंवा गारठत नाही. तरी मे-जूनमध्ये पृष्ठभागावर पंख्याचा वारा सोडावा. कोरड्या हवेत पाण्याची वाफ होऊन ते चांगले निवते. ऑगस्टच्या दमट दिवसांत हा उपाय फारसा चालत नाही, तेव्हा हवेचा पंप अखंड चालू ठेवावा. जानेवारीच्या थंडीत गोल्डफिश निभावून नेतो. एंजल मासे ठेवावयाचे असल्यास मात्र हीटरचा खर्च आरंभीच हिशेबात धरावा.