बादलीतलं पाणी कशाच्या तुलनेत फिरतं?

अवकाश ही स्वतंत्र वस्तू आहे, की वस्तूंमधलं नुसतं नातं? या वादाचा मागोवा घ्यायचा तर सुरुवात पाण्याच्या बादलीपासून करावी लागते.

न्यूटनने 'प्रिन्सिपिया'त (१६८७) तिचं वर्णन केलं आहे. लांब दोरीला बादली टांगायची, दोरीला घट्ट पीळ द्यायचा आणि बादली सोडून द्यायची. आधी नुसती बादली गरगरते. पाणी सपाटच असतं. हळूहळू पाणीही तिच्याबरोबर फिरू लागतं, मध्ये खोलगट होतं, कडेला चढतं. आता पाणी आणि बादली एकमेकांच्या तुलनेत स्थिर आहेत. मग पाणी चढलं ते कशाच्या तुलनेत फिरतंय म्हणून? न्यूटनचं उत्तर होतं, निरपेक्ष अवकाशाच्या. वस्तू असोत वा नसोत, अवकाश आहेच, आणि काळही कशावर अवलंबून न राहता एकसारखा वाहतो आहे.

तत्त्वज्ञ लायब्निझला हे मुळीच पटलं नाही. अवकाश म्हणजे एका वेळी असलेल्या वस्तूंची आपसांतली मांडणी आणि काळ म्हणजे घटनांचा क्रम, असं तो न्यूटनची बाजू मांडणाऱ्या सॅम्युएल क्लार्कला १७१५-१६च्या पत्रांतून सांगत राहिला. सगळं विश्व जसंच्या तसं पूर्व-पश्चिम उलटं ठेवलं, तर फरक पडला हे ओळखायचं कशावरून? हा त्याचा युक्तिवाद मला आजही बिनतोड वाटतो. बादलीतल्या पाण्याचा उलगडा मात्र त्याला करता आला नाही. नोव्हेंबर १७१६मध्ये तो वारला आणि पत्रव्यवहार थांबला.

पुढे दीडशे वर्षं भौतिकशास्त्रात न्यूटनचाच शब्द प्रमाण. १८८३मध्ये भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट माखने बादली पुन्हा चर्चेत आणली. तिच्या भिंती कित्येक मैल जाड असत्या, तर पाणी कसं वागलं असतं हे कोण सांगणार, असं त्याने विचारलं. त्याच्या मते पाण्याचं फिरणं ताऱ्यांच्या तुलनेतलं होतं. आइनस्टाइन या विचाराने भारावला. पण त्याच्याच सामान्य सापेक्षतेच्या समीकरणांतून खगोलशास्त्रज्ञ डी सिटरने १९१७मध्ये पदार्थ नसलेलं विश्व काढून दाखवलं. म्हणजे वस्तू नाहीत, तरी अवकाश आहेच!

माखचा धागा पुढे नेणाऱ्यांत कोल्हापूरला जन्मलेले जयंत नारळीकर होते. १९६४मध्ये फ्रेड हॉइल यांच्यासह त्यांनी गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत मांडला. त्यात प्रत्येक कणाचं वस्तुमान विश्वातल्या बाकीच्या पदार्थामुळे ठरतं. हा सिद्धांत सर्वमान्य झाला नाही, पण माखचा प्रश्न त्यांनी गणितात उतरवला, हे मोठंच काम होतं.

२००४मध्ये सोडलेल्या 'ग्रॅव्हिटी प्रोब बी' या उपग्रहाचे निष्कर्ष २०११मध्ये आले. फिरती पृथ्वी भोवतालचं अवकाश-काळ अगदी किंचित ओढत नेते, हे त्यातल्या भोवऱ्यांवरून (जायरोस्कोपवरून) दिसलं. माखला हवी होती तशी जाड बादली अखेर पृथ्वीच्या रूपाने मिळाली. तरीही माझ्या मते निकाल कुणा एकाच्या बाजूने लागलेला नाही.

बादलीतलं पाणी कडेला चढवणारं अपकेंद्री बल अकरावी-बारावीला 'स्यूडो फोर्स' (आभासी बल) म्हणून पाच मिनिटांत उरकलं जातं. शिक्षकांना विनंती, त्या तासाला एक बादली आणि दोरी वर्गात न्या.