बोईसरची पोरं आणि मेक्सिकोचा ठेचा



बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला असलेली पोरं दिवाळीला गावी आली की हल्ली ‘साल्सा’, ‘डिप’, ‘कॉकटेल’ असले शब्द कानी पडतात. घरच्यांना वाटते, हे बाटलीतले महागडे परदेशी प्रकरण. तसे काही नाही. साल्सा म्हणजे मेक्सिकोतला ठेचाच.

मिरची, टोमॅटो, मका, राजमा, पेरू ही सारी पिके मूळ अमेरिका खंडातली. दसऱ्याच्या तोरणातला झेंडूही तिकडचाच. पालघर जिल्ह्यातल्या ‘डहाणू घोलवड चिकू’ला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते झाडही मेक्सिकोच्या बाजूचे. उलट ऊस कोलंबसाने 1493 च्या दुसऱ्या सफरीत तिकडे नेला. देणेघेणे जुनेच आहे म्हणायचे.

चार पिकलेले टोमॅटो, दोन हिरव्या मिरच्या, पाच-सहा लसूण पाकळ्या आणि एक कांदा निखाऱ्यावर साल काळी पडेतो भाजावेत. साल काढून, मीठ घालून पाट्यावर भरड वाटावे. मिक्सरमध्ये पार गंध करू नये. तिकडेही दगडी खलातच वाटतात. वर लिंबू पिळून कोथिंबीर घालावी. शिजवलेला राजमा लसूण-जिरे घालून घोटला की दुसरे डिप झाले. बुडवून खायला मक्याच्या पातळ भाकरीचे तिकोनी तुकडे तव्यावर कडक करावेत. टोमॅटोचे वाटण त्याच दिवशी संपवावे.

आता पेयाचे. दारू घालून करणारे करतात, पण सणाला आजीपासून नातवापर्यंत सर्वांनी एकच पेय प्यावे असे वाटत असेल तर उसाचा रस आहे. ऊस धुऊन, तासून, आले-लिंबासह गाळावा. लिंबाने रस लवकर काळा पडत नाही. तोडलेला ऊस तळावर पडून राहिला की उतारा घटतो, हे आपण जाणताच. रसाचेही तसेच, गाळल्यावर लगेच प्यावा. डहाणूकडे पहाटे उतरवलेली नीरा ऊन चढले की ताडी होऊ लागते, तीही याच न्यायाने. बर्फ पिण्याच्या पाण्याचाच हवा. मासळीच्या पेटीतला नको!

कारखान्याचे पत्रक असले तरी सांगतो: 200 मिलिलिटर रसात साधारण 25 ते 30 ग्रॅम साखर असते. म्हणून अर्धा पेला रस, अर्धा साधा सोडा, पुदिना आणि चिमूटभर सैंधव घ्यावे. हलके लागते आणि रसही पुरवठ्याला येतो. मधुमेहींनी मात्र हेही टाळून पुदिना-लिंबाचा बिनसाखरेचा सोडा घ्यावा. ज्यांच्याकडे चरक नाही त्यांनी मेक्सिकोत पितात तसे चिंचेचे गार पाणी करावे: मूठभर चिंच कोमट पाण्यात भिजवून, कोळून, गाळून, चवीपुरता गूळ घालून.