सांडपाण्यातली वीज आणि मधला पडदा

सांडपाण्यातली घाण खाताना काही जिवाणू इलेक्ट्रॉन बाहेर टाकतात. ते ॲनोडवर गोळा करून तारेने कॅथोडकडे वळवले, की झाला मायक्रोबियल फ्युएल सेल. तारेतून जितका विद्युतभार गेला, तितकाच पाण्यातून आयनांनी वाहायला हवा; आणि कॅथोडकडचा ऑक्सिजन ॲनोडपर्यंत पोचता कामा नये. ही दोन्ही कामे मधल्या पडद्याची. त्याच्याविषयीचे बरेचसे समज हायड्रोजनच्या फ्युएल सेलवरून उचललेले आहेत. तिथे आत शुद्ध पाणी असते, इथे गटाराचे.

गैरसमज : प्रोटॉनच्या पडद्यातून फक्त प्रोटॉनच जातात.
वस्तुस्थिती : डुपाँ कंपनीने काढलेल्या नॅफिऑन पडद्यात सल्फोनिक आम्लाचे गट असतात. ते कोणत्याही धन आयनाला वाट देतात. सात पीएचच्या सांडपाण्यात सोडियम, पोटॅशियम, अमोनियम, कॅल्शियम मिळून प्रोटॉनच्या साधारण लाखपट असतात, त्यामुळे भार मुख्यतः तेच वाहतात. प्रोटॉन मागे साचतात. ॲनोडची बाजू आम्लधर्मी होत जाते, कॅथोडची अल्कधर्मी. पीएचमध्ये एका अंकाची तफावत पडली, की सुमारे 59 मिलिव्होल्ट गेले. भरात असताना जेमतेम अर्धा व्होल्ट देणाऱ्या सेलला हे परवडत नाही.

गैरसमज : पडदा काढला की वीज बंद.
वस्तुस्थिती : 2004 साली हाँग लिऊ आणि ब्रूस लोगन यांनी अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात हवेवर चालणाऱ्या कॅथोडचा नॅफिऑन काढून पाहिला. ग्लुकोजवर मिळणारी शक्ती चौरस मीटरला 262 वरून 494 मिलिवॅटवर गेली. मात्र खाल्लेल्या अन्नातून विजेच्या रूपाने हाती येणारा वाटा 40–55 टक्क्यांवरून 9–12 टक्क्यांवर घसरला. आत झिरपलेल्या ऑक्सिजनच्या जोरावर जिवाणूंनी बरेचसे ग्लुकोज परस्पर फस्त केले. पडदा अडथळाही असतो आणि राखणदारही.

गैरसमज : धन आयन नेणाराच पडदा हवा.
वस्तुस्थिती : लोगन यांच्याच गटाने 2007 मध्ये ऋण आयन नेणारा पडदा लावून चौरस मीटरला 610 मिलिवॅट मिळवले, नॅफिऑनने 514 दिले. द्रावणातले फॉस्फेट आयन पडद्यापलीकडे ये-जा करताना प्रोटॉनची वाहतूक करत होते, त्यामुळे पीएचचा तोल कमी ढळला.

गैरसमज : भाजलेली माती म्हणजे पैशाअभावी केलेली तडजोड.
वस्तुस्थिती : आयआयटी खरगपूरच्या गटाने 2010 मध्ये भातगिरणीचे सांडपाणी दोन सेलमध्ये घातले. एकात विकतचा पडदा होता. दुसऱ्यात मातीच्या मडक्याची भिंतच पडद्याचे काम करत होती. पाण्याचा पीएच आठ असताना मडक्याने घनमीटरला 2.3 वॅट दिले, विकतच्या पडद्याने 0.53. भाजलेल्या मातीची छिद्रे पाण्याने भरतात आणि त्यातून आयन सरकतात. मातीत मॉन्टमोरिलोनाइट मिसळले तर धन आयनांची देवाणघेवाण आणखी सुधारते. भिंतीची जाडी मात्र जपावी लागते : पातळ झाली तर ऑक्सिजन घुसतो, जाड झाली तर रोध वाढतो.

गैरसमज : पडदा एकदा बसवला की काम संपले.
वस्तुस्थिती : ॲनोडच्या बाजूने जिवाणूंचा बुळबुळीत थर चढतो, कॅथोडच्या बाजूला क्षार साचतात. पहिल्या आठवड्याचा आकडा वर्षभर टिकत नाही.

म्हणून पडद्याची किंमत विचारण्याआधी आत कोणते पाणी जाणार, ते विचारावे. नुसते पाणी शुद्ध करायचे असेल तर मडके पुरेल. एकेक इलेक्ट्रॉन मोजायचा असेल तर ऑक्सिजन अडवणारा पडदा घ्यावा आणि पीएचवर नजर ठेवावी.